मोराच्या चादरीमागचा कूड

इंग्लंडला निघायच्या आदल्या दिवशी मी मुलाला तीन कामं सांगितली. गाईला वेळेवर पाणी दाखवायचं, परसातल्या फणसाला कोणाला हात लावू द्यायचा नाही, आणि मी परत यायच्या आत चुलीमागचा कूड पाडून तिथे विटांची भिंत आणि वर स्लॅब करून घ्यायचा. पहिल्या दोन कामांचं त्याने काय केलं ते गाईला आणि फणसाला ठाऊक. तिसरं काम मात्र तो मन लावून करायला निघाला, आणि ते थांबवताना मला तिकडे परक्या मुलखात बसून जे उद्योग करावे लागले, ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

कूड म्हणजे काय हे हल्ली पोलादपूरच्या स्टँडवर उभ्या असलेल्या पोरांनाही सांगावं लागतं. डोंगरातून कारवीच्या काठ्या आणायच्या, त्या एकीला एक लावून उभ्या करायच्या, आडव्या बांबूच्या पट्ट्यांनी आवळायच्या आणि दोन्ही अंगांनी माती, शेण आणि पेंढ्याचे बारीक तुकडे कालवून लिंपायचं. झाली भिंत. आमचं घर पोलादपूरच्या वर, जिथे गाडीरस्ता संपतो आणि पाय सुरू होतात तिथे आहे. पुढून बघाल तर विटा, सिमेंट, लादी, सगळं आहे. फक्त मागे चुलीकडची एक भिंत कुडाची राहिली होती. आणि त्या भिंतीवर कायम एक चादर टांगलेली. निळी, तिच्यावर पिसारा फुलवलेला मोर.

ती चादर मी टांगली. म्हणजे माझ्या आधी माझ्याच नावाने या घरात जी एक एकोणीस वर्षांची बाई नांदत होती, तिने. आज ती समोर आली तर तिला दोन शब्द सुनावल्याशिवाय मी सोडणार नाही. नाकात नथ आणि डोक्यात हवा. माहेर तुडीलचं, नदीकाठचं, सपाटीवरचं, दगडी भिंतीचं. लग्न होऊन वर डोंगरात आली ती नाक वर करूनच. त्यातून पहिल्याच गणपतीला मुंबईहून नणंदेचे यजमान आले. चुलीपुढे पाटावर बसले, भिंतीकडे बघितलं आणि हसत म्हणाले, "हे घर हाय की गोठा?" मग तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि निघून गेले.

ते गेले. वाक्य राहिलं. पुढच्याच आठवड्यात ही बाई नवऱ्याच्या मागे लागून महाडच्या बाजारात गेली आणि मोराची चादर घेऊन आली. पण चादर खालून वीतभर आखूड पडायची. म्हणून पाहुणे आले की बाईसाहेब त्या उघड्या वीतभर कुडापुढे पाय जोडून उभ्या. पाहुणे म्हणायचे, "बस गो, जरा बस." ही म्हणायची, "नको, मला उभंच बरं वाटतं." गावात बोलवा झाली की हिला बसायचा काही आजार आहे.

नवरा मुंबईत नोकरीला. सुट्टीत आला की एकेक भिंत पाडून विटांची बांधायचा. तीन बाजू झाल्या. चौथीची वेळ आली आणि तो म्हणाला, "विटा संपल्या." पुढच्या वर्षी विचारलं, तर विटा संपल्या. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. विटा परसात रचून ठेवलेल्या होत्या, त्यांच्यावर दुधीचा वेल चढला होता, त्या वेलाचे दुधी आम्ही दोघं मिळून खात होतो, आणि हा माणूस ताटावर बसून मला सांगायचा की विटा संपल्या. मी भांडायची, रुसायची, दोन दिवस बोलायची नाही. तो गप्प जेवायचा. असा तो विटा संपवत संपवतच गेला. मग मी मुलाच्या मागे लागले. मुलगा महाडच्या एका कारखान्यात आहे, कामाचा आहे, बापासारखा चुकार नाही. तो म्हणाला, "आई, या वैशाखात तुझा कूड गेलाच म्हणून समज."

हे सगळं ठरवून मी शिमगा उरकून मुलीकडे गेले.

मुलगी आणि जावई राहतात ते गाव फार जुनं. गावाला दगडी तट आहे, तटाला दरवाजे आहेत, खालून नदी जाते. तटावरून चालत गावाला अख्खी फेरी मारता येते. आत गल्ल्या इतक्या अरुंद आणि घरं वरच्या मजल्यावर इतकी पुढे झुकलेली की इकडच्या बाईने हात लांब करून तिकडच्या बाईला कढीपत्ता द्यावा. काळी लाकडं, मधे पांढरा गिलावा, आणि एकही घर सरळ उभं नाही. आमच्याकडे असं घर दिसलं तर लोक म्हणतील, गवंडी प्यायलेला होता. तिकडे लोक त्याचे फोटो काढतात.

मुलगी म्हणायची, "आई, एकटी बाहेर जाऊ नकोस, हरवशील." तटाच्या आत कसली हरवतेय? कुठेही गेलं तरी शेवटी तट आडवा येतो. मी रोज एकटी जायची. साडी, पायात जावयाचे लोकरी मोजे आणि त्यावर बूट, अंगात त्याचाच कोट, हातावरून खाली लोंबणाऱ्या बाह्या. लोक बघायचे. मीही त्यांच्याकडे बघायची. बघायलाच तर आले होते. आणि मला आमच्या त्या नथवालीची आठवण येऊन हसू फुटायचं. पोलादपूरहून महाडला एकटं जायचं म्हटलं की ती आधी सोबत शोधायला निघायची. एकदा महाडजवळच्या सव गावी गरम पाण्याच्या कुंडावर बायकांबरोबर गेली, तर बायका पाण्यातून बाहेर येईपर्यंत पिशवी छातीशी धरून काठावर बसली, कोणी आपल्याला सोडून जाईल म्हणून. पायसुद्धा बुडवला नाही. गरम कुंडावर जाऊन थंड पायांनी परत आलेली बाई सगळ्या तालुक्यात तीच.

एका बुधवारी मुलीने सुट्टी काढून मला एक जुनं घर बघायला नेलं. कित्येक शे वर्षांपूर्वी कोणा लोकरीच्या व्यापाऱ्याचं होतं म्हणे. तिकीट काढून आत जायचं. दारात मी बूट काढले, तर मुलगी दातओठ खात म्हणाली, "आई, घाल ते." आत अंधार, जड लाकडी पलंग, मोठी थोरली चूल. आणि मग जिन्याखाली भिंतीत एक काच बसवलेली दिसली. काचेपलीकडे बाहेरचं काही दिसत नव्हतं. भिंतीच्या पोटात काय आहे ते माणसांना दिसावं म्हणून गिलावा काढून वर काच लावली होती, आणि आत एक लहानसा दिवा.

मी वाकून बघितलं. उभ्या काठ्या. त्यांतून आडव्या विणलेल्या फोका, बारीक लवचीक डहाळ्या. वर माती, मातीत काड, आणि मातीवर चार बोटांनी ओढलेले अर्धगोल, जसे लिंपताना उठतात तसे.

मी इतक्या जोरात हसले की पुढे गेलेले लोक मागे आले.

"काय झालं?" मुलगी म्हणाली.

"अगो, हा कूड हाय."

"हळू बोल."

"कसली हळू बोलू? तिकीट काढून कूड दाखवला तू मला."

तिथे एक म्हातारी बाई होती, माझ्याच वयाची, गळ्यात ओळखपत्र, पायात माझ्यासारखेच जाड मोजे. आलेल्या लोकांना माहिती सांगायचं काम ती हौसेने करायची. ती आम्हाला मागच्या अंगणात घेऊन गेली. तिथे लाकडी चौकटीत फोका विणून ठेवल्या होत्या आणि टबात चिखल कालवला होता. ज्याला वाटेल त्याने हात घालावा, थोडं लिंपून बघावं. मी कोटाच्या बाह्या वर केल्या, हात घातला आणि लगेच कळलं.

"हिला विचार, शेण कुठंय?"

मुलीने विचारलं. म्हातारी म्हणाली, पूर्वी घालायचे, आता घालत नाहीत, लहान मुलं हात घालतात म्हणून.

"मग सांग तिला, हा कूड नाय. नुसता चिखल हाय. तडकणार."

मुलीने काय सांगितलं कोण जाणे, म्हातारी मान डोलवून हसली. मग तिने मला एक गोष्ट विचारली. तुमच्या गावात अशी जुनी भिंत कुठे ठेवली आहे का, बघायला?

"सांग तिला, हाय. माझ्या चुलीमागं. आणि येत्या सोमवारी गवंडी येणार हाय ती पाडायला."

मुलीने सांगितलं. म्हातारीचं हसू गेलं. तिने एकच शब्द विचारला, आणि तो मलाही कळला. का?

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. "काय सांगू?"

चाळीस वर्षांहून जास्त मी ही भिंत पाडा म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं आणि का, ते मला कोणी विचारलं नव्हतं. पावसात गळत नव्हती. उन्हात तापत नव्हती. चुलीचा धूर निमूट वरच्या फटीतून बाहेर सोडत होती. मी हाताला लागलेला चिखल काढला.

"सांग, नणंदेचा नवरा हसला होता."

"आई, हे मी इंग्रजीत कसं सांगू?"

"हसला होता याला इंग्रजी शब्द नाय?"

तिने सांगितलं. म्हातारी हसली नाही. माझ्या चिखलाच्या हाताकडे बघून तिने फक्त हलकेच मान हलवली. त्या क्षणी मी ठरवलं की माझा कूड पडणार नाही.

संध्याकाळी मुलाला फोन लावला.

"रे, गवंड्याला नको म्हणून सांग."

"काय?"

"कूड ऱ्हाऊ दे."

त्याने मागे चाललेला टीव्ही बंद केला. मग म्हणाला, "आई, तूच ना गो मागं लागली होतीस? बाबांचं डोकं खाल्लंस, मग माझं खाल्लंस. आता गवंडी मिळाला हाय. ही वेळ गेली तर पावसाच्या आधी तो पुन्हा मिळायचा नाय."

"नको मिळू दे."

"लोक काय म्हणतील? पोरगी परदेशात, पोरगा कारखान्यात, आणि आई कुडाच्या भिंतीला टेकून बसलीय."

हे वाक्य कोणाचं होतं ते मी लगेच ओळखलं. ते माझंच होतं. मीच त्याला लहानपणापासून पाजलं होतं. "तुला तिकडची थंडी बाधलीय, परत आलीस की बोलू," असं म्हणून त्याने फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला तर म्हणाला, वाळू टाकून झाली.

मध्ये चार दिवस होते, आणि मी होते तटाच्या आत. माझं तिकीट तीन आठवड्यांनंतरचं. मुलगी म्हणाली, "सोड ना आई, एक भिंत तर आहे." मी तिच्याशी जेवणापुरती बोलले.

त्याच संध्याकाळी आम्ही नदीकाठच्या कुरणात फिरायला गेलो. तिकडे गावाच्या कुरणात अजून गुरं चरतात. मुलगी फोनवर बोलत पुढे गेली, आणि मला गवतात शेणाचा एक छान घट्ट पो दिसला. आता आमच्याकडची रीत अशी की जिला शेण आधी दिसलं तिने त्यात काटकी खोचायची. मग तो पो तिचा, दुसरी बाई हात लावत नाही. मी इकडेतिकडे बघितलं आणि काटकी खोचली. त्या अख्ख्या कुरणात शेणावर हक्क सांगणारी दुसरी बाई नव्हती, हे मला घरी आल्यावर सुचलं. पण सवय ती सवय.

सकाळी मुलगी उठायच्या आत मी तिचा कोशिंबिरीचा डबा घेऊन गेले. काटकी तशीच होती. डबा भरला, झाकण लावलं, तटावरून चालत त्या जुन्या घराशी गेले आणि दार उघडेपर्यंत पायरीवर बसले. तिकीट कोणी मागितलं नाही, कारण म्हातारी दारातच होती. मी डबा पुढे केला. तिला वाटलं मी खाऊ आणलाय. तिने आनंदाने झाकण उघडलं.

तिच्या तोंडाकडे बघून मी पुन्हा हसणार होते, पण तिने झाकण लावलं नाही. वाकून वास घेतला. मग मला हाताला धरून मागच्या अंगणात नेलं. तेवढ्यात ओळखपत्रवाला एक तरुण साहेब आला. त्याने डबा बघितला, मान हलवली आणि जे बोलला त्याचा अर्थ भाषा न येताही कळत होता. म्हातारीही त्याला काहीतरी बोलली. ती दोघं बोलत होती तोवर मी चौकटीचा एक कोपरा लिंपून टाकला. हात खालून वर, बोटं पसरून, जसं सासूने शिकवलं होतं तसं. भांडण संपलं तेव्हा भिंत झालेली होती. साहेब हात धुवायची जागा दाखवून गेला.

मला शोधत मुलगी आली ती धावत. "आई, तू माझ्या डब्यात शेण घेऊन म्युझियममध्ये आलीस?"

"धुऊन देते."

"तो डबा आता मला नको."

"मग मी गावी नेते. चांगला घट्ट झाकणाचा हाय."

आठवड्याने बघितलं तेव्हा त्यांचा नुसता चिखल फुटक्या टाचेसारखा तडकला होता. माझ्या कोपऱ्यालाही एक तडा होता, बारीक. खोटं कशाला बोलू? काड गव्हाचं होतं, आमच्या भातपेंढ्यासारखं धरत नाही.

पण हे नंतरचं. शेण लिंपून घरी आले त्या दिवशीच मला उपाय सुचला. मुलगा कारखान्यात असताना मी सुनेला फोन लावला. सून वरच्या वाडीवरची, डोंगरातली. तिला फार समजवावं लागत नाही.

"आपली लाल कोंबडी खुडूक हाय ना अजून?"

"हाय ना. दिवसभर डोकं खाते."

"तिला आज अंड्यांवर बसव. टोपलीत. चुलीमागं, कुडाला टेकवून."

सुनेला लगेच कळलं. मग खुदकन हसली. "किती अंडी ठेवू, आत्या?"

"मावतील तितकी."

सोमवारी गवंडी आला. हातोडा, पहार, घमेलं, दोन माणसं. चादर बाजूला केली आणि खाली बघतो तर कोंबडी. ती मान ताणून त्याच्यावर गुरगुरली. आता अंड्यांवर बसलेल्या कोंबडीशेजारी आमच्याकडे कोणी धडाधड ठोकत नाही. दणके बसले की अंडी नासतात, असं गवंड्याची आई सांगायची, माझीही सांगायची. गवंडी उकिडवा बसला. बोटं मोजली.

"एकवीस दिवस."

"टोपली उचलून तिकडं ठेवू या की," मुलगा म्हणाला.

"बसलेली कोंबडी हलवू नये, साहेब," गवंडी म्हणाला. त्याने पहार खांद्यावर टाकली आणि तो दुसऱ्या गावच्या कामाला गेला.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. "हे तू केलंस."

"मी इथं बसून कोंबडीला काय सांगणार रे?"

मी परत आले तेव्हा वैशाख संपत आला होता आणि डोंगरावर ढग जमायला लागले होते. मुलगा विमानतळावर न्यायला आला. गाडीत महाडपर्यंतच्या सगळ्या रस्त्यावर एक शब्द बोलला नाही. अगदी बापासारखा. दासगाव गेलं, खाडी दिसायची थांबली, तेव्हा म्हणाला, "मला तुला पक्क्या घरात ठेवायचं होतं. पावसात कूड ओला होतो. तू तिथं खाली निजतेस. साप येतात."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. त्याच्या आवाजात रागाच्या खाली जे होतं ते मला ऐकू आलं. म्हणून मी हसले नाही.

"साप विटांच्या घरातही येतो. फक्त त्याला बाहेर जायची वाट सापडत नाय," मी म्हटलं. "पावसात मी पुढच्या खोलीत निजेन, हवं तर. पण भिंत तिथंच राहणार. तुला हातोडा लावायचाच असेल तर मी गेल्यावर लाव. मला घाई नाय."

त्याने गाडी पोलादपूरला वळवली. "कौलं तरी बदलू या," म्हणाला. मी म्हटलं, बदल.

घरी नऊ पिल्लं चुलीमागे चिवचिवत होती. मी हातपाय धुतले आणि चादर ओढून काढली. इतक्या वर्षांत चादर धुण्यापुरती काढायची आणि धुतली की डोळे मिटून पुन्हा टांगायची. कूड नीट असा मी कधी बघितलाच नव्हता. खालचं लिंपण ढासळलं होतं, काठ्या उघड्या पडल्या होत्या. वर मात्र लग्नाच्या पहिल्या दिवाळीत मी ओढलेली बोटं अजून होती. आता मी त्याकडे बघून डोळ्यांत पाणी आणावं असं कोणाला वाटत असेल, तर सांगते. वेडंवाकडं काम होतं. कुठे जाड, कुठे पातळ, हात मध्येच उचललेला. तिकडच्या त्या काचेमागच्या कामापुढे लाज वाटावी असं. त्या बाईला धड लिंपताही येत नव्हतं आणि नाक मात्र वर. मी सगळं ओलं करून पुन्हा लिंपून काढलं. कोशिंबिरीच्या डब्याने माती मोजली.

पुढच्या आठवड्यात नणंद आणि तिचे यजमान फणसाला म्हणून आले. ते आता पंच्याहत्तरीचे, काठी टेकत चालतात. मी त्यांचा पाट चुलीपुढे मांडला, तोंड कुडाकडे करून. मोर परसात पसरला होता, त्याच्यावर आमसुलं वाळत होती.

भाऊजींनी भिंतीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग खिशातून फोन काढला. "असा कूड आता कुठं बघायला मिळत नाय गो. फोटो काढू? पोरांना पाठवतो."

"आधी म्हणा, हे घर हाय की गोठा."

"असं का म्हणू?"

"तुम्हीच म्हणाला होता. याच पाटावर बसून."

"मी?" ते नणंदेकडे वळले. "मी कधी असं बोललो गो?"

नणंद फणसाचा गरा सोलत होती. तिने खांदे उडवले.

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच आठवत नव्हतं. ते वाक्य बहुतेक पोलादपूरच्या स्टँडवर पोचायच्या आतच ते विसरले असतील, आणि इकडे एक बाई जन्मभर वीतभर जागा झाकत पाय जोडून उभी राहिली. मला त्यांचा राग येईना. राग यायचा तो तिचाच आला, आणि तिच्यावर कितीदा रागवायचं?

"फोटो नाय काढायचा," मी म्हटलं. "बघायचा असेल तर पोरांना घेऊन या. वर चढून."

त्यांनी फोन खिशात ठेवला. मी त्यांच्यासमोर पाय पसरून बसले, कुडाला पाठ टेकून, आणि त्यांच्या ताटात चौथी भाकरी वाढली.